प्रागमधली तक्रार-खिडकी

आमच्या समोरच्या दारातल्या काकांना एखादी गोष्ट आवडली की ते आधी तिची तक्रार करायचे. हापूस गोड निघाला तर म्हणायचे, "एवढा गोड? शुगर होईल." बिल्डिंगमध्ये कुणाला मूल झालं की पेढा तोंडात टाकून "वेलची जास्त पडलीय" म्हणायचे आणि दुसऱ्या पेढ्याला हात घालायचे. बारावीत मला बरे मार्क पडले ते आईने त्यांना कौतुकाने सांगितलं, तर चेहरा पाडून म्हणाले, "गणितात एवढे? मग केमिस्ट्रीने हिचं काय घोडं मारलं होतं?" त्या संध्याकाळी आमच्या दाराच्या कडीला भेळेची पिशवी अडकवलेली होती. भेळ जाळ तिखट होती. आम्ही तक्रार केली नाही, म्हणून काका दोन दिवस नाराज.

याला कारण त्यांची नोकरी. टेलिफोन खात्यात त्यांनी सगळा जन्म तक्रारींच्या खिडकीमागे काढलेला. घरात फोन असणं म्हणजे प्रतिष्ठा, असा तो काळ. लोक यायचे आणि खिडकीच्या जाळीला नाक लावून ओरडायचे. फोन मेलाय, फोन लागतो पण भलतीकडे, फोनमध्ये कुणा दुसऱ्याच बाईचा संसार ऐकू येतो. काका आतून फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"वर ते मला तासभर व्याख्यान देऊ शकायचे. "ऐकणाऱ्याने हं म्हणावं, बस. त्याच्यापुढे एक शब्द बोललास की समोरचा तक्रार विसरतो आणि भांडायला लागतो."

रिटायर झाले आणि इतकी वर्षं आत साठलेलं बाहेर पडायला लागलं. कबुतरं, वॉचमनची शिट्टी, समोरच्या क्लासमधली पोरं, पाडव्याच्या शोभायात्रेतले ढोल, कुणालाही सोडलं नाही. सगळ्या तक्रारी तोंडी आणि मोठ्याने. ट्रंककॉलच्या जमान्यात कमावलेला आवाज तो. काका जिन्यात बोलले तर गेटवर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहायचं.

पण ही सगळी किरकोळ. मुख्य तक्रार परबांविरुद्ध.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, चार मजली, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि समोर काकांचं. काकांच्या बरोबर डोक्यावर परब. परब मूळचे मालवणकडचे, कोलशेतच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. बोलणं कमी, पण चिडले की कान लाल व्हायचे. परबकाकू कल्याणच्या एका कॉन्व्हेंट शाळेत चित्रकला शिकवायच्या. काकांची बायको वारली, मुलगा कॅनडाहून येऊन दिवस करून परत गेला, आणि थोड्याच महिन्यांत काकांच्या बाथरूमबाहेरच्या छतावर ओला डाग उमटला. त्यानंतर त्या घरात काका आणि डाग असे दोघंच राहायचे.

रोज सकाळी काका जिन्यात उभे राहून वर तोंड करून ओरडायचे, "परब! गळतंय!"

परब बनियनवरच खाली यायचे. दोघं डागाखाली उभे राहून माना वर करायचे आणि भांडायला सुरुवात व्हायची. भांडताना घसा सुकतो म्हणून मध्ये काका चहा टाकायचे. परब चहा पिता पिता "साखर कमी पडली" म्हणायचे, त्यावर वेगळं भांडण. मग परब वर. आमच्या घरी या आवाजावर घड्याळ लावत.

परबांनी बाथरूम फोडून नवीन केलं. मग पाइप बदलले. मग टाइल्स. डाग जाईना. शेवटचा प्लंबर सगळं उकरून झाल्यावर म्हणाला, "अंकल, उपर से पानी आ ही नहीं रहा. ये अपने बस का काम नहीं," आणि नंतर फोनच उचलेना. परब हट्टाला पेटले. एका मे महिन्यात त्यांनी घरातलं पाणीच बंद करून टाकलं. धुणी-भांडी आमच्याकडे, आणि आंघोळीला नवरा-बायको रोज विठ्ठलवाडीला, परबांच्या बहिणीकडे. परबांना स्वतःचीच बादली लागायची. त्यामुळे खांद्यावर टॉवेल, हातात बादली, असे ते रिक्षा बदलत बदलत जायचे. महिनाभर तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा थेंब सांडला नाही. डाग ओलाच.

"मुरलेलं पाणी आहे," काका गंभीरपणे म्हणाले, "असं लगेच सुकत नाही ते."

हे सगळं नुसतं गमतीचं राहिलं असतं, पण तोवर बिल्डिंगच थकली होती. खांबांमधले गज दिसायला लागले. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली. बिल्डर मिळाला, सगळे तयार झाले, एकटे काका अडून बसले. "आधी माझं छत कोरडं करा, मग बिल्डिंग पाडा."

"अहो काका, पाडायचीच आहे तर छत कोरडं कशाला?" सेक्रेटरी रडकुंडीला आलेले.

"तत्त्व आहे."

चौथ्या मजल्यावरच्या आजी कांदा चिरत होत्या तेव्हा स्लॅबचा मोठा तुकडा ओट्यावर आदळला. आजी वीतभर अंतराने वाचल्या. त्या दिवसापासून बिल्डिंगने काकांशी बोलणं टाकलं. जिन्यात ते समोर आले की लोक मोबाइल कानाला लावायचे. बोलायचे फक्त परब, कारण त्यांना भांडायचं असायचं.

आणि अशा दिवसांत परबकाकूंनी प्राग काढलं.

त्यांच्या शाळेतल्या सिस्टर दर नाताळात त्यांना कॅलेंडर द्यायच्या, युरोपातल्या चर्चेसची चित्रं असलेलं. वर्ष सरलं तरी काकू ती चित्रं टाकायच्या नाहीत. कपाटाच्या दारांना आतून चिकटवायच्या. परबांचा शर्ट काढायला कपाट उघडलं की आत सोन्याचे देवदूत. त्यातलं प्राग त्यांच्या मनात बसलेलं. एवढंसं शहर, आणि वळलं की चर्च. मला म्हणाल्या, "अगं, बिल्डिंग अंगावर पडायच्या आत एकदा बघून येऊ. तू चल, म्हणजे मला कुणीतरी बोलायला मिळेल. यांना चालायचा कंटाळा." माझी एक नोकरी सुटलेली आणि दुसरी लागायची होती. मी हो म्हटलं आणि तिघांची तिकिटं शोधायला बसले.

दुसऱ्या दिवशी काका दारात. "चौथं तिकीट काढ."

"काका, तुम्ही? परबांबरोबर?"

"मग! तो माणूस परत येऊन वाट्टेल त्या थापा मारील. खरं-खोटं करायला तिथं कुणी नको?"

मला वाटलं परब उडवून लावतील. ते कान लाल करून म्हणाले, "येवंदे. हंयसर ठेवलो तर आमच्या माघारी दरवाजो फोडून नळ बघीत."

प्रागमध्ये मी एक छोटा फ्लॅट घेतलेला. दोन खोल्या. एकीत मोठा पलंग, दुसरीत लहान मुलांसाठी असतो तसा वर-खाली बंक. परब घोरतात म्हणून काकूंनी मोठा पलंग त्यांच्या-माझ्यासाठी ठेवला आणि पुरुषमंडळींना बंक. काकांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे वरच्या पलंगावर परब. शिडी चढताना परब काहीतरी पुटपुटले ते मी ऐकलं नाही असं केलं. खालून काका म्हणाले, "सवयीचं आहे हो. फक्त पाणी पिऊन झोपू नका."

पहिल्याच चर्चच्या दारात काकांनी बूट काढले. बाहेर मार्चची थंडी, हाडं गोठवणारी. आत दगडी फरशी बर्फासारखी.

"काका, इथे नाही काढत कोणी."

"देवाच्या दारात बूट? आणि चप्पल-स्टँड कुठाय यांचा? एवढं मोठं देऊळ बांधलं आणि चपला ठेवायची सोय नाही!"

बूट त्यांनी दाराशी जोडीने ठेवले, मोजे घालून आत प्रदक्षिणा घातली, खांबांना, खुर्च्यांना, एका जपानी जोडप्याला वळसा घालून, आणि परत आले तर बूट गायब. साफसफाईच्या बाईंना वाटलेलं कोणी टाकून गेलं. मी हातवारे करून ते मिळवले. त्यानंतर काका डोंबिवलीहून आणलेल्या कापडी पिशवीत बूट घालून ती खांद्याला लावत आणि मोज्यांवर चर्चेस बघत. परब बूट घालूनच आत जायचे. "निर्लज्ज," काका माझ्या कानात म्हणायचे, म्हणजे सगळ्या चर्चला ऐकू जायचं.

मला चर्चमधलं काही कळत नव्हतं. पण आत शिरलं की आवाज बदलायचा, स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटायचा. उंच काळपट खांब, त्यांच्यावर चढत गेलेलं सोनं, त्या सोन्यातून डोकावणारी गुबगुबीत पंखवाली बाळं, आणि वर अख्ख्या छतावर आकाश रंगवलेलं. ढगांवर माणसं, माणसांवर ढग, सगळं वर वर ओढलं जाणारं. परबकाकू बाकावर बसून मान मागे टाकायच्या आणि कितीतरी वेळ हलायच्या नाहीत. मला हळूच सांगायच्या, "ते बघ, तो पाय. चित्रातला नाहीये तो, प्लास्टरचा आहे. चित्रातून पाय बाहेर काढलाय त्या माणसाने." बघावं तर खरंच पाय.

काकाही वर बघायचे. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा बारकाईने. नदीकाठच्या एका चर्चमध्ये ते एका कोपऱ्यात मान वर करून थांबले ते थांबलेच. मला वाटलं, भारावले. जवळ गेले तर एका देवदूताच्या गुडघ्यापाशी रंग फुगलेला, पिवळट कडा असलेला मोठा डाग.

"परब!" काका गरजले. ऑर्गनच्या नळ्यांपर्यंत आवाज घुमला. "इकडे या! इथे वर कोण राहतं?"

परब आले, बघितलं, आणि पहिल्यांदाच मला ते दोघं एका मताचे झालेले दिसले. "ह्यां पावसाचा," परब म्हणाले. "गच्चीवरना." दोघांनी कौलं, पन्हळी, डांबर यांवर इतका वेळ चर्चा केली की आमचं पुढचं चर्च बंद झालं. बाहेर पडल्यावर काकू झपाझप पुढे चालत सुटल्या, आणि त्या चालीवरून कळलं की बाई दुखावल्यात. इतक्या वर्षांची इच्छा, आणि इथेही बाथरूम.

दुसऱ्या दिवशी काका हरवले. एक साधंसं चर्च होतं, चौकातल्या ट्रामच्या आवाजापासून आत, फारसं कुणी नसलेलं. मी शोधत भिंतीकडेने गेले. तिथे लाकडाचं मोठं नक्षीदार कपाट होतं, मध्ये बसायची जागा, दोन्ही बाजूंना जाळ्या. सिनेमात बघितलेलं असतं ना, लोक येऊन पाद्र्याला पापं सांगतात, ते. मधला अर्धा पडदा ओढलेला, आणि पडद्याखाली मोज्यातले दोन पाय. अंगठ्याला भोक.

मी पडदा ओढणार तोच जाळीपलीकडे एक म्हातारी बाई गुडघे टेकून बसलेली दिसली. डोक्याला रुमाल, हातात हातमोजे चुरगळलेले. ती तिच्या भाषेत भराभरा, दबक्या आवाजात बोलत होती. आतून काका म्हणाले, "हं."

हे थांबवायचं कसं? बाईला काय सांगायचं, कुठल्या भाषेत? बाई रडायला लागली. काका म्हणाले, "हं." बाई बराच वेळ बोलत राहिली. मग तिने नाक पुसलं, क्रुसाची खूण केली, उठताना जाळीवर दोन बोटं टेकवली आणि निघून गेली. आली त्यापेक्षा ताठ चालत होती.

मी काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. "काका! ही पाद्र्याची जागा आहे! तुम्ही बसलात कसे?"

"पाय दुखले म्हणून बसलो. जागा सवयीची वाटली." त्यांचे डोळे ओले होते. "मग ती बाई आली. अगं, कुणीतरी गेलंय तिचं. भाषा कळली नाही, पण तक्रार खरी होती. ऐकली."

"लोक इथे तक्रारी नाही सांगत, काका. स्वतःच्या चुका सांगतात."

काका हसले. "आयुष्यभर मी तेच ऐकलं. तक्रार करायला आलेला माणूस शेवटी काय सांगतो असं वाटतं तुला?"

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण त्या दिवशी काका वाटेत एकदाही ओरडले नाहीत. जेवतानाही परबांकडे बघायचे आणि नजर फिरवायचे.

त्याच्या पुढच्या दिवशीचं चर्च भलंमोठं होतं आणि तिथे असल्या एका कपाटावर हिरवा दिवा लागलेला. म्हणजे आत खरेखुरे फादर होते. बाजूच्या बाकावर दोन-तीन माणसं वाट बघत बसलेली. परब आणि काकू मधल्या ओळीत बसले. परबांचे पाय भरून आलेले. मी मेणबत्त्यांपाशी उभी होते. वळून बघते तो काका रांगेत. मी पोचेपर्यंत त्यांचा नंबर आलेला आणि ते गुडघे दुखत असूनही फळीवर गुडघे टेकून बसलेले.

"सर, कम्प्लेंट," काका जाळीला नाक लावून म्हणाले.

आतून काहीतरी शांत, म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं.

"नो शू स्टँड," काका म्हणाले. "नो ड्रिंकिंग वॉटर. अँड वन मोर..." इथे इंग्रजी संपलं. आत बसलेले फादर म्हणाले, "हं."

अगदी तसंच. ना पुढे, ना मागे. काकांची पाठ एकदम सैल झालेली मला दिसली.

"हं म्हणालात ना, मग ऐका," काका मराठीत म्हणाले. त्यांना वाटलं ते कुजबुजतायत. त्यांच्या कुजबुजीने खांबाजवळचे लोक वळले. "आमच्या वर परब म्हणून राहतात. त्यांचं बाथरूम गळत नाही. गळत होतं. पहिल्यांदा खरंच गळलं. त्यांनी दुरुस्त करून दिलं. चांगला माणूस आहे. मग आठवडाभर माझं दार कुणी वाजवलं नाही. ही गेल्यापासून कुणी येत नव्हतंच. वरून त्यांच्या चालण्याचा आवाज यायचा, खाली यायचे नाहीत. कशाला येतील? डाग सुकलेला."

फादर म्हणाले, "हं."

"इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना. ही वापरायची. ती घेतली आणि स्टुलावर चढलो. रोज सकाळी चढतो. पाणी मारतो आणि मग जिन्यात जाऊन ओरडतो."

मी जोरात खोकले. काही उपयोग नाही. मागे बघितलं. परब उभे राहिलेले. कान तर लाल होतेच, मान, कपाळ, टक्कल, सगळंच लाल. "म्हयनोभर," ते पुटपुटत होते, "म्हयनोभर बादली घेवन..."

ते पुढे निघाले तसं काकूंनी त्यांचं मनगट पकडलं. "बसा," त्या म्हणाल्या. "ही खिडकी तुमची नाही."

"अगो, पण टायल्यो..."

"बसा."

परब बसले.

"आता बिल्डिंग पाडायचीय म्हणतात," काकांचा आवाज चिरकला. "पाडायलाच हवी. चौथ्या मजल्यावर बाई मरता मरता वाचली, ते माझ्यामुळे. कळतं मला. पण पाडली की परब जाणार विठ्ठलवाडीला. मी कुठेतरी भाड्याने. नवीन बिल्डिंगमध्ये कोण कुठल्या मजल्यावर, कुणास ठाऊक. मग मी कुणाला हाक मारू? सांगा. काय म्हणून हाक मारू?"

मग फादर त्यांच्या भाषेत हळूहळू काहीतरी म्हणाले, जाळीआड हात हलला. काका उठले, गुडघे चोळले आणि हलक्या अंगाने माझ्याकडे आले. "तक्रारीचा नंबर दिला नाही," म्हणाले, "पण माणूस ऐकणारा आहे. आमच्या खात्यात असता तर वर गेला असता."

त्यांना पत्ताच नव्हता की कुणी ऐकलंय. काकू तोंडावर रुमाल धरून गदागदा हलत होत्या. मी घाबरून जवळ गेले तर त्या हसत होत्या. मग रडत होत्या. मग परत हसायला लागल्या. परब कुणाकडेही न बघता बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. रात्री जेवायला बसलो. काकांनी दोनदा सूप अळणी असल्याची तक्रार केली, परबांनी मीठही सरकवलं नाही. मला वाटलं, डोंबिवलीला पोचलो की पहिल्यांदा पोलीस चौकी.

सकाळी उजाडल्यावर मी काकांच्या ओरडण्याने दचकून उठले.

"परब! गळतंय!"

मी आणि काकू दारात धावलो. काका खालच्या पलंगावर उताणे, कपाळावरून पाणी ओघळतंय. वरच्या पलंगाच्या कडेवरून परबांचा हात बाहेर आलेला, हातात पाण्याचा ग्लास, आणि ते अगदी मन लावून एकेक थेंब खाली सोडत होते.

"परब! अहो, गळतंय म्हणतो ना!"

वरून आवाज आला, "हं."

काकांचा पुसायला उचललेला हात तिथेच थांबला. आणखी एक थेंब पडला. ते हलले नाहीत.

"तुम्ही... होतात तिथे?"

"हं."

"सगळं ऐकलंत?"

"हं."

काका छताकडे, म्हणजे परबांच्या गादीच्या फळ्यांकडे बघत पडून राहिले. किती म्हातारे दिसत होते. शेवटी म्हणाले, "मग ओरडा की."

"ओरडाक घसो सुकता," परब म्हणाले. "आधी चाय करा."

काकांनी चहा केला. परब शिडीवरून उतरले, चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले आणि मग ओरडायला लागले. प्लंबर, पाइप, टाइल्स, उन्हाळा, रिक्षा, बादली, बहिणीच्या सासूने मारलेले टोमणे, एकेक बाहेर यायला लागलं. इतकं बोलताना मी परबांना कधी ऐकलं नव्हतं. काका समोर मान खाली घालून बसलेले आणि फक्त "हं" म्हणत होते. मी मध्ये पडायला गेले तर काकूंनी कोट चढवला. "चल," म्हणाल्या, "आपण दोघी जाऊ. यांचं आज संपायचं नाही."

म्हणून कॅलेंडरवरचं ते चर्च आम्ही दोघींनीच बघितलं. हिरव्या घुमटाचं, टेकडीच्या उतारावरचं. आत कोवळं ऊन तिरकं येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. वरती कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं, चुकत होतं आणि पुन्हा तिथूनच सुरू करत होतं. काकू घुमटाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी बाकावर बसले. पर्यटकांचा एक घोळका आला, फोटो काढून गेला. दुसरा आला, गेला. काकू तिथेच. नंतर माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कॅलेंडरला खिळ्याचं भोक होतं. नेमकं त्या घुमटाच्या मधोमध. तिथे काय असेल, काय असेल, असं इतकी वर्षं वाटायचं मला."

"काय आहे?"

"कबुतर," काकू म्हणाल्या. "पांढरं, सोन्याच्या किरणांतलं. बरं झालं ते दोघं नाहीत. काकांनी त्याचीही तक्रार केली असती."

परतल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी संमतीची सही केली. सेक्रेटरींना आधी विश्वासच बसेना. "पण काका, छत?"

"कोरडं झालं."

चार माणसं जाऊन बघून आली. खडखडीत. कसं काय, कसं काय, सुरू झालं. काकांनी परबांकडे बघितलं, परबांनी पंख्याकडे. तेव्हा परबकाकू उठल्या आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मी प्रागला मेणबत्ती लावली होती." चौथ्या मजल्यावरच्या आजींनी नंतर मला जिन्यात गाठून विचारलं की ती मेणबत्ती स्वयंपाकघरातल्या ओलीला चालते का आणि कुरियरने मागवता येते का. वर्षभरात आमच्या विभागातली दोन कुटुंबं प्रागला जाऊन आली. एकाची गळती खरंच थांबली म्हणतात.

बिल्डिंग पडली, उभी राहायला अपेक्षेपेक्षा जास्त वर्षं गेली. मधला काळ काका विठ्ठलवाडीलाच राहिले, परबांच्या बहिणीच्या ओळखीने मिळालेल्या खोलीत. माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले. नव्या जागेच्या वाटणीत बिल्डरने चिठ्ठ्या टाकल्या आणि काकांना ज्याची भीती होती तेच झालं. काका ए विंगला चौथ्यावर, परब बी विंगला नवव्यावर. परब बिल्डरच्या ऑफिसात जाऊन भांडूनही आले. बदलून मिळालं नाही.

वास्तुशांतीला मला जमलं नाही म्हणून मी नंतर एका रविवारी सकाळी काकांकडे गेले. घर चकाचक, छत दुधासारखं पांढरं. काका खुर्चीत बसलेले, शेजारी काठी टेकवलेली. सवयीने लिफ्टची तक्रार केली, टाइल्सची केली, पण तक्रारीत जीव नव्हता. मी दोनदा विषय काढले, ते विझले.

तेवढ्यात बेल वाजली. बेलवरून बोट निघतच नव्हतं. मी दार उघडलं. बाहेर परब, बनियनवर, धापा टाकत. नवव्या मजल्यावरून खाली, मग अख्खं पार्किंग ओलांडून परत वर आलेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट आत येऊन काकांसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तुमच्या कुकरच्या शिट्टीन आमची झोप मोडली!"

काका खुर्चीतून उठले. हातात काठी न घेता.

"माझ्या कुकरच्या? बी विंगला? नवव्या मजल्यावर?" त्यांचा आवाज चढत चढत पार जिन्यात गेला. "शक्यच नाही! बसा! बसा इथे आणि सिद्ध करा!"

परब बसले. काका चहाचं आधण ठेवायला आत गेले.